सजीव देखाव्यासाठी १७व्या शतकातले मावळ्यांचे कपडे शिवायचे आहेत, बेत (कापडाच्या कापणीचा आराखडा) कसा घ्यावा? (सोलापूर)

भुईकोटकर_रेवा

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळानं येत्या शिवजयंतीला सजीव देखावा करायचं ठरवलंय. प्रसंग साधाच घेतलाय: गडाच्या दरवाजावरचा पहारा बदलतोय, एक जासूद खलिता घेऊन येतो, किल्लेदार तो कारकुनाकडून वाचून घेतो, तेवढ्यात टाक्यावरून पाणी आणणाऱ्या बायका आत येतात. मावळे दहा, किल्लेदार, कारकून, जासूद आणि तीन बायका. लढाई नाही, पण पहाऱ्यावरची पोरं मधे दांडपट्टा आणि लाठी फिरवून दाखवणार आहेत.

आजवर कपडे ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं यायचे. चकाकणारं सॅटिन, कडेला सोनेरी लेस, पाठीला चेन, आणि दहाच्या दहा जण भगव्यात. पोरांनी हात वर केला की काखेत उसवायचं आणि कार्यक्रम संपेपर्यंत सेफ्टी पिनांवर चालायचं. यंदा मी म्हटलं, कपडे आपण शिवू. मला ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, लहान मुलांची झबली, परकर हे सगळं येतं. घरी पायमशीन आहे, मदतीला दोन मैत्रिणी आहेत आणि हातात तीन महिने आहेत.

अडलंय ते असं. कापड कुठलं घ्यावं, खादी की मांजरपाट की दुसरं काही? रंग कुठले चालतील? बेत कुडत्याचाच घेऊन पुढून बंद लावले तर चालेल का? मशीनची टीप दिसली तर खटकेल का? आणि किल्लेदाराला मावळ्यांपेक्षा वेगळं काय द्यायचं? मला हे दिसायला बरं एवढ्यावर थांबवायचं नाहीये. त्या काळातला माणूस जे घालत होता त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचंय.

---

किल्लेभटका

रेवा, शिवणकामातलं मला काही कळत नाही, पण शिवायला घेण्याआधी काय बघावं ते सांगतो. कॅलेंडरवरची चित्रं आणि मालिका बाजूला ठेव. निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहम्मद नावाच्या चित्रकारानं शिवाजी महाराजांचं घोड्यावरचं चित्र काढलं होतं. ते १७व्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपण सगळे त्यात महाराजांकडे बघतो. तू घोड्याबरोबर पायी चालणारी माणसं मोठी करून बघ. तुझे मावळे तिथं सापडतील.

दुसरं, विजापूरची आदिलशाही चित्रं. सोलापूरचा भुईकोट किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात किती वेळा हातोहात फिरला हे तुला ठाऊकच असेल, म्हणजे आपल्या मुलखातल्या सरदाराचा पोशाख ठरवायला ती चित्रं सगळ्यात जवळची. त्यात पांढरा, पातळ, लांब जामा, कमरेला पटका आणि खाली घट्ट सुरवार दिसते. मुघल आणि दख्खनी चित्रांत हिंदू सरदारांचा जामा सहसा डाव्या काखेत बांधलेला असतो आणि मुसलमान सरदारांचा उजव्या. किल्लेदाराला जामा शिवलास तर बंदांची बाजू चुकवू नकोस. जाणकार माणूस पहिल्यांदा तिथंच बघतो.

एक सावधगिरी. छातीवर गोल गळा आणि आत पडदा असलेला अंगरखा पेशवाईच्या उत्तरार्धात आणि १९व्या शतकात जास्त दिसतो. जेम्स वेल्सनं १७९०च्या दशकात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे चित्र काढलं तो काळ तुझ्या प्रसंगाच्या शंभरएक वर्षं पुढचा आहे. दोन्ही एकत्र करू नकोस.

---

पूर्वभागातला_मास्तर

रेवाताई, मी इथंच पूर्व भागात राहतो. वडील हातमागावर बसायचे, मी कात्रीकडे वळलो आणि उभी हयात शाळेच्या गणवेशांचं कापड बेतण्यात गेली. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, आधी मात्र दुसरं काम हातात घेत नाही, नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) धरणाऱ्यांच्या बाराबंद्या (बारा बंदांचे अंगरखे) शिवतो. त्या शिवता शिवता जे कळलं ते सांगतो. जरा लांबेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय.

तुम्ही कापड आधी विचारलं, रंग मग, बेत त्याच्यानंतर. मी बेत पहिला धरतो. कापड थोडं इकडचं तिकडं झालं तर निभावतं. बेत कुडत्याचा घेतला तर हातकताईची खादी आणली तरी अंगावर कुडताच दिसणार, बंद लावा नाहीतर काही लावा. आपल्या आजच्या कुडत्याचा बेत शर्टाचा आहे. खांदा उतरता, मुंढा (बाही जोडायची जागा) गोल कोरलेला, बाहीचा माथा गोल. जुनं कापड असं कोरत नव्हते. सरळ फाडायचे, तिरपं कापलं तरी सरळ रेषेत कापायचे.

का, ते मागाशी उभं राहिलं की कळतं. हातानं धोटा (आडव्या धाग्याची नळी) फेकायचा म्हणजे एका हातानं टाकायचा, दुसऱ्या हातानं झेलायचा. कापडाचा पन्हा (रुंदी) त्या दोन हातांच्या टप्प्याबाहेर जाणार कसा? दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती इंग्लंडात १७३३ साली निघाली आणि आपल्या मागांवर ती फार उशिरा आली. तोवर कापड अरुंद, आणि त्याच्या वितीवितीला माणसाची मेहनत. त्यातून गोल तुकडे काढून कोपरे फेकून देणं कुणाला परवडणार? म्हणून पन्हा आधी आणि माप नंतर. तुम्हीही छत्तीस इंची पन्ह्याचं कापड घ्या. अठ्ठावन्न इंची घेतलंत की हात आपोआप शर्टासारखा चालायला लागतो, हे माझं रोजचं बघणं आहे.

मावळ्यांसाठी बाराबंदीचाच बेत घ्या, असं माझं मत. गड्ड्याला आपण घालतो ती बाराबंदी शिवकाळात तंतोतंत अशीच होती असा दावा मी करणार नाही. पण एकावर एक पदर, कडेला बंद, सरळ कापणी, काखेत चौबगला (जोडायचा चौकोनी तुकडा), ही घडण जुनीच आहे. आणि आपल्या गावात ती अजून अंगावर घातली जाते, कपाटात ठेवलेली नाही. जानेवारीत सात नंदीध्वज निघतात तेव्हा ते पेलणाऱ्या माणसाकडे बघा. एवढी उंच काठी तोलताना हात वर, पाठ ताठ, आणि बाराबंदी कुठं ओढत नाही. तुमच्या दांडपट्ट्याला हेच हवंय.

आता माप. छाती छत्तीसच्या पोराला छत्तीस इंची पन्ह्याचं अडीच मीटर कापड घ्या. बत्तीस इंचांचा एक तुकडा पाठीला. त्यातून पाठ बावीस इंच रुंद काढा, चौदा इंचांची उभी पट्टी उरते, ती जपून ठेवा. दुसरा बत्तीसचा तुकडा पुढच्या दोन पदरांना. पदर खाली वीस इंच, वर खांद्याशी नऊ. एकाचं डोकं वर, दुसऱ्याचं खाली असे उलटसुलट मांडले की दोन्ही एकाच पन्ह्यात बसतात. मात्र कापडाची उलटी-सुलटी बाजू बघून घ्या, नाहीतर दोन्ही पदर एकाच बाजूचे निघतील. चोवीस इंचांचा तिसरा तुकडा मधोमध फाडला की अठरा-अठराच्या दोन बाह्या. मनगटाकडे निमुळती करायला बाहीची जी लांब त्रिकोणी पट्टी निघते ती चौबगल्याखाली बाजूला कळी म्हणून लावा, घेराला मोकळीक येते.

आणि ती चौदा इंची पट्टी. तिच्यातून पाच इंच वेगळे करा. त्यात पाच-पाच इंचांचे दोन चौकोन निघतात, हे चौबगले. खाली उरतं ते गळ्याच्या गोटाला (कडेच्या पट्टीला) लावा, कमी पडलं तर जोड द्या, जुन्या कपड्यांत जोड असायचेच. बाकीच्या नऊ इंचांत दोन-दोन इंचांच्या चार पट्ट्या, प्रत्येकीचे तीन भाग, झाले बारा बंद. ताई, मला आज इतक्या वर्षांनीही हा हिशोब जुळताना बघून समाधान वाटतं. कापड ज्यानं विणलं आणि ज्यानं बेतलं त्या दोघांची एकमेकांशी ओळख होती असं वाटतं.

बारा बंदांच्या सहा जोड्या, म्हणजे सहा गाठी. आतला पदर आधी बांधायचा, मग वरचा. पोरांना आधीपासून सवय करा, देखाव्याच्या दिवशी घाई होते. बंद पदराच्या कडेला नुसता टाचू नका. आत अंगठ्याएवढा कापडाचा तुकडा ठेवून त्याच्यावर पक्का करा.

चौबगल्यावर जरा थांबतो, तुमचं उसवणं तिथंच थांबणार आहे. सरळ बाही सरळ अंगाला जोडली की काखेत चार शिवणी एका ठिपक्यावर येतात. हात वर केला की सगळा ताण त्या ठिपक्यावर. तिथं चौकोन कोपऱ्यावर उभा करून बसवायचा, दोन कडा बाहीला, दोन अंगाला. मग ताण चौकोनाच्या उरेबवर (तिरक्या दिशेवर) जातो आणि उरेब कापड ताणलं तर देतं, फाटत नाही. कोपरा बसवताना अर्ध्या इंचाच्या मायेवर (शिवणीसाठी सोडलेल्या कडेवर) बरोबर सुई थांबली पाहिजे. चारही कोपरे हातानं उलटी टीप घालून शिवा, मशीन तिथं नको.

मशीनचं विचारलंत. शिलाई मशीन १९व्या शतकाच्या मध्यातलं, तेव्हा काटेकोर बोलायचं तर एकही टीप मशीनची चालणार नाही. पण दहा मावळे आणि तीन महिने. आतल्या लांब शिवणी मशीनवर मारा, माया दुमडून हातानं तुरपा. गोट, बंद, खालची दुमड, गळा, हे सगळं हातानं. दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा उन्हात चमकतो.

किल्लेदाराच्या जाम्याचं रात्री लिहितो, डोळे दुखायला लागले.

---

भुईकोटकर_रेवा

मास्तर, काय लिहिलंय तुम्ही! वर्तमानपत्र छत्तीस इंच रुंद चिकटवून सगळे तुकडे मांडून बघितले, अगदी बरोबर बसतात. पदर उलटे मांडायची युक्ती मला सुचली नसती. आमच्या दहा मावळ्यांत दोन मुली आहेत, त्यांनाही हाच बेत चालेल ना? आणि जाम्याची वाट बघतेय.

किल्लेभटका दादा, ती पायी चालणारी माणसं बघितली. आमच्या पोरांनाही पाठवलं चित्र.

---

पूर्वभागातला_मास्तर

मुलींना हाच बेत, फक्त चौबगला अर्धा इंच मोठा कापा.

जामा. वरचा भाग बाराबंदीसारखाच, पण कमरेच्या वर संपतो. खाली कळ्यांचा घेर. किल्लेदाराची कंबर तीस धरतो. पुढं पदर एकावर एक येणार, म्हणून घेराचा माथा कमरेच्या दीडपट, पंचेचाळीस इंच. छत्तीस इंची पन्ह्याचे चौतीस इंच लांबीचे तीन तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्याच्या बारा-बारा इंचांच्या तीन उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर वर साडेतीन इंचांवर खूण, खाली दुसऱ्या बाजूनं साडेतीनवर खूण, दोन्ही खुणा जोडून तिरपं कापा. एका पट्टीच्या दोन कळ्या झाल्या, माथा साडेतीन, पाया साडेआठ. अशा अठरा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया गेली की माथ्याला अडीच आणि पायाला साडेसात उरतात. अठराचा हिशोब करा: वर पंचेचाळीस, खाली एकशे पस्तीस. पावणेचार वार घेर, आणि कात्रीखाली चिंधी नाही.

प्रत्येक कळीला एक बाजू सरळ असते, एक तिरपी. जोडताना एकीची सरळ बाजू दुसरीच्या तिरपीला, सगळ्या एकाच दिशेनं. तिरपीला तिरपी जोडली की ती शिवण लोंबते आणि घेर लाटा मारतो. शिवून झाला की दोन रात्री खुंटीला टांगून ठेवा, कापड जिथं उतरायचं तिथं उतरू द्या, मग खालची कड सारखी करून दुमडा.

बाही हातापेक्षा चांगली वीतभर लांब ठेवा आणि मनगटापाशी घट्ट. वर सारली की चुण्या पडतात, चित्रांत दिसतात त्या ह्याच. सुरवार उरेबवर कापा, नाहीतर गुडघ्यात बसता येणार नाही. कापड मलमल घ्या, पण अगदी पातळ नको, अंगावरून ओघळेल एवढी.

---

इरकलवाली

रेवा, बायकांचं कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. तुझ्या पाणी भरणाऱ्या तिघींना शिवलेली नऊवारी अजिबात देऊ नकोस. इलॅस्टिक घातलेल्या त्या साडीत चालणं वेगळंच दिसतं. नऊ वार सुती लुगडं नेसायला शिकवायला एक दुपार पुरते. ओचा आणि कासोटा नीट बसला की डोक्यावर घागर घेऊन बाई वाकते कशी, उठते कशी, सगळं बदलतं. सोलापुरात इरकलचं सुती लुगडं सहज मिळतं. इरकलच्या टोपपदराला लाल रेशीम असतं, पाणवठ्यावरच्या बाईला मी साधा सुती पदर बघेन.

चोळीला खण घे. गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचाच येतो आणि चोळीचा बेत त्या पन्ह्यावरच बसतो, मास्तर म्हणतात तसंच. खणाचा काठ बाहीच्या तोंडाशी आणि खालच्या कडेला आला पाहिजे. टक्स नकोत, हुक नकोत, पुढं गाठ. छातीला आकार येतो तो तुकडे तिरपे जोडून आणि गाठ ओढून. तुझं ब्लाऊजचं फर्मा पुस्तक त्यासाठी बंदच ठेव. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी जुन्या आजी गाठीची चोळी घालत असतील तर त्यांची एक उसवायला माग. उसवलेल्या चोळीइतकं दुसरं कुणी शिकवत नाही. काचेच्या बांगड्या भरपूर, केसांचा खोपा, पायात काही नाही.

मुलींच्या भुवया आणि नेलपॉलिशकडेही बघ. मागच्या वर्षी एका देखाव्यात सगळं सुंदर होतं आणि तेवढ्यावरूनच लोकांची नजर हटेना.

---

भुईकोटकर_रेवा

इरकलवाली ताई, माझ्या आजीच्या बहिणीकडे दोन चोळ्या आहेत, विचारते लगेच. आता फक्त रंग राहिला. सगळं पांढरंच ठेवलं तर रस्त्यावर उठून दिसेल का? मंडळातली पोरं भगव्यासाठी हटून बसलीत.

---

किल्लेभटका

पोरांना सांग, भगवा झेंड्याला ठेवू. झेंडा एकटाच भगवा असला की तो जास्त दिसतो. पहाऱ्यावरचा मावळा गावचा शेतकरी आहे, खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. तुरा काढलेला आजचा कोल्हापुरी फेटा मात्र नको.

---

पूर्वभागातला_मास्तर

बरोबर आहे. आणि पांढरं म्हणजे ब्लीच केलेलं पांढरं नको. कोरं मांजरपाट घ्या, त्याचा मूळ पिवळसर रंग उन्हात छान दिसतो. चाटी गल्लीत विचारा, छत्तीसचा पन्हा मिळतो का ते. न मिळाला तर रुंद कापड उभं फाडून छत्तीसचं करा, पण बेत छत्तीसवरच.

दोन-चार बाराबंद्या आणि मुंडाशी रंगवायची असतील तर आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला तोटा नाही. रसवाल्याकडून सालं आणून वाळवा. आधी कापडाची खळ (कांजी) काढा, धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून स्वच्छ पाण्यानं धुवा. खळ राहिली की रंग डाग डाग धरतो. मग एक किलो कापडाला दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात रात्रभर ठेवा, पिळून सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी दीडशे ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात बुडवा. नंतर कापडाच्या वजनाइतकी सालं उकळून गाळलेल्या पाण्यात तासभर मंद आचेवर. पिवळा येतो, हळदीसारखा भडक नाही. त्यातलंच काही कापड वीस ग्रॅम हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात क्षणभर फिरवलं तर करडा-हिरवट होतं, पहाऱ्यावरच्या माणसाला शोभेल असा. हिराकस जास्त घालू नका, सुती धागा कुजतो. लाल मुंडासं हवं असेल तर सालांच्या जागी मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), ती काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. निळीच्या मागं या वेळी लागू नका, तिला वेगळा सराव लागतो.

रंगाचं भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं. लोखंडी कढईत पिवळा काळवंडतो.

---

भुईकोटकर_रेवा

उद्या चाटी गल्लीत जाते. दहा मावळ्यांना अडीच मीटरनं पंचवीस मीटर, बरोबर ना? की जास्त घेऊ?

---

पूर्वभागातला_मास्तर

अठ्ठावीस घ्या. कोरं मांजरपाट पहिल्या उकळीला आकसतं, आणि तुमच्यात एखादा थोराड छातीचा असेलच. सगळं कापड एकदम उकळून, वाळवून, मगच कात्री लावा. पहिली बाराबंदी चौबगल्यापर्यंत आली की फोटो टाका, कोपरे बघून सांगतो.